गोष्टीवाला पाहुणा

डंकन विल्यमसन या गृहस्थाला मी कधी पाहिले नाही, आणि आता पाहण्याचा संभवही नाही. २००७ सालच्या नोव्हेंबरात तो वारला. पण गेली दोन वर्षे त्याचा आवाज आमच्या घरात इतका वावरतो आहे, की संध्याकाळ झाली म्हणजे सौभाग्यवती विचारतात, "आज तुमचे ते डंकनराव यायचे आहेत का?" स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी खेडोपाडी हिंडून जी हजारो ध्वनिमुद्रणे जमविली, त्यांतली पुष्कळशी आता घरबसल्या संगणकावर ऐकता येतात. त्या संग्रहाला गेलिक भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ 'वारशाची विहीर' असा होतो. निवृत्तीनंतर माणसे फुलझाडे लावतात, ब्रिज खेळतात. मी या विहिरीच्या काठी जाऊन बसतो.

डंकन हा गोष्टी सांगणारा माणूस. शाळा, ग्रंथालये, गावातली सभागृहे, वृद्धांच्या संस्था, जेथून बोलावणे येईल तेथे जावयाचे आणि गोष्टी सांगावयाच्या, हे त्याचे उत्तरायुष्यातले काम. मी हे एका स्नेह्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आणि त्याचे पैसे मिळतात?" मिळतात. पण डंकनला शाळेतून बोलावणे यावे यात पैशापेक्षा कितीतरी मोठी गंमत आहे, आणि ती कळावयाची तर त्याच्या जन्मापासून आरंभ केला पाहिजे.

तो १९२८ साली अर्गाइल परगण्यात लॉख फाइन या लांबलचक खाडीच्या काठी एका तंबूत जन्मला. जवळच्या गावाचे नाव फर्नेस, म्हणजे चक्क 'भट्टी'; पूर्वी तेथे लोखंड गाळीत. आईबापांना एकंदर सोळा मुले, त्यांत हा सातवा. हेझेलच्या लवचिक काठ्या कमानीसारख्या वाकवून जमिनीत रोवल्या, वरून जाड कापड ताणून बसविले, मध्ये विस्तव पेटविला, की घर झाले. हे लोक ट्रॅव्हलर म्हणून ओळखले जातात. आपण त्यांना फिरस्ते म्हणू. पत्र्याची भांडी करणे, फुटकी सांधणे, टोपल्या विणणे, घोड्यांची खरेदी-विक्री, शेतावर बटाटे काढणे, रास्पबेरीच्या मळ्यांत फळे खुडणे, नदीतल्या शिंपल्यांतून मोती शोधणे, असे त्यांचे नाना उद्योग. पत्र्याच्या ठोकाठोकीवरून गाववाले त्यांना 'टिंकर' म्हणत. आज हा शब्द शिवी समजतात. आणि तेव्हाही तो ज्या सुरात उच्चारला जाई तो काही आदराचा नव्हता.

या लोकांची आपापसांत बोलावयाची एक वेगळी बोली आहे. तिच्यात गेलिकमधले आणि स्कॉट्समधले शब्द आहेत, तसे जिप्सींच्या रोमनी भाषेतलेही आहेत. आणि रोमनीचे मूळ आपल्या हिंदुस्थानात. एके रात्री या बोलीची शब्दसूची चाळताना पाण्याला 'पानी' हा शब्द दिसला आणि मी खुर्चीत ताठ बसलो. कोणत्या शतकात, कोणत्या वाटेने हा एक घोट येथून निघाला, आणि किती पिढ्यांनी तो ओंजळीतून सांडू न देता अटलांटिकच्या काठापर्यंत नेला!

आता शाळेचे. स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे झाले. पण जे कुटुंब वसंत ऋतू आला की तंबू उचलून निघते, त्याच्या पोरांनी काय करावे? १९०८ च्या कायद्याने तोड काढली : फिरस्त्यांच्या मुलांनी ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत दोनशे हजेऱ्या भराव्या, मग मोकळे. कागदावर ही सवलत होती. वर्गात तिचा अर्थ असा, की ही मुले दरवर्षी मध्येच उगवणार, मध्येच नाहीशी होणार, आणि जेवढे दिवस राहतील तेवढे दिवस मागल्या बाकावर. बरोबरीची मुले त्यांना टिंकर म्हणून चिडवीत, त्यांच्या कपड्यांना धुराचा वास येतो म्हणत. धुराचा वास येतच असेल. ज्या विस्तवाभोवती त्यांची खरी शाळा रात्री भरे, त्याचाच तो वास.

कारण या लोकांची शिकवण्याची रीत म्हणजे गोष्ट. पोराने आगळीक केली तर बाप त्याला मारण्याऐवजी रात्री अशी गोष्ट काढी, की ती कोणासाठी आहे हे फक्त त्या पोरालाच कळावे. डंकनच्या आईबापांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलांना देण्यासारखी जमीन नाही, घर नाही. तेव्हा गोष्टी दिल्या. त्या देण्याचाही शिष्टाचार असे. गोष्ट कोणाकडून मिळाली हे सांगावयाचे. तुम्ही ती सांगता तेव्हा देणारा तुमच्या पाठीशी उभा असतो, त्याच्या पाठीशी त्याला देणारा, अशी ओळ मागे मागे जाते, अशी त्यांच्यात भावना आहे. मला तर ही कल्पना श्राद्धापेक्षाही आवडली. (सौभाग्यवतींना हे वाक्य पटलेले नाही.)

पोरवयातच घराबाहेर पडून दगडी बांध घालण्यापासून घोडे विकण्यापर्यंत डंकनने सगळे केले, आणि जेथे गेला तेथल्या धन्याकडून, मजुराकडून, म्हाताऱ्याकोताऱ्याकडून गोष्टी गोळा करीत राहिला. इकडे १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश लोकजीवनाच्या अभ्यासाची संस्था निघाली. तिच्यात हॅमिश हेंडरसन नावाचा एक कवी होता. जुनी पोवाडेवजा गाणी आणि कथा अजून जिवंत असतील तर कोठे, याचा माग काढीत तो फिरस्त्यांपर्यंत येऊन पोहोचला. १९५३ साली ॲबरडीनमध्ये त्याला जीनी रॉबर्टसन ही गायिका आढळली. १९५५ च्या उन्हाळ्यात ब्लेअरगौरीच्या रास्पबेरीच्या मळ्यांत फळे खुडायला जमलेल्या कुटुंबांपाशी तो ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बसला. पंडितांना पुस्तकांत जे तुकड्यातुकड्यांनी मिळत होते, ते तेथे तोंडातोंडात अखंड होते. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांनीच गावाची ठेव सांभाळली होती.

याच संस्थेत अमेरिकेहून अभ्यासाला आलेली लिंडा नावाची तरुणी पुढे डंकनची दुसरी पत्नी झाली. विद्यापीठातली ही मुलगी त्याच्याबरोबर काही वर्षे तंबूत राहिली, हे मला त्याच्या कोणत्याही परीकथेइतकेच नवलाचे वाटते. तिने त्याच्या गोष्टी ध्वनिफितींवरून, त्याच्या बोलण्याची ढब न मोडता उतरून काढल्या. १९८३ साली फिरस्त्या मुलांच्या शेकोटीकथांचे पुस्तक निघाले, आणि त्यामागून आणखी पुस्तके. आता शाळा त्याला बोलावू लागल्या. मागल्या बाकावरच्यांपैकी एकजण फळ्यापुढच्या खुर्चीवर येऊन बसला.

खुर्चीवर बसून तो करी काय? पहिली गोष्ट, हातात पुस्तक नाही. एखादे कोडे घालावे, गाणे म्हणावे, आणि मग मुलांच्या डोळ्यांत बघत सुरू करावे. ही माणसे गोष्ट पाठ म्हणत नाहीत. तिचा सांगाडा पक्का असतो; शब्द समोरच्या तोंडांकडे पाहून सुचतात. त्याची एक गोष्ट आता तिकडे शाळाशाळांतून सांगितली जाते. ती थोडक्यात देतो.

जॅक आणि त्याची आई समुद्रकाठी राहत. आई आजारी पडली. किनाऱ्यावर जॅकला लांब दांड्याचा विळा खांद्यावर टाकलेला एक म्हातारा भेटला आणि नेमका त्याच्याच घराचा पत्ता विचारू लागला. हा मृत्यू, हे जॅकने ओळखले. त्याने विळा हिसकावला, झटापट केली, म्हाताऱ्याला दाबून दाबून लहान केले, हेझेलच्या एका कवचात कोंबले, भोकाला बूच मारले आणि दिले समुद्रात भिरकावून. घरी येतो तो आई ठणठणीत, चूल पेटवून बसलेली! "अंडी करते तुला," म्हणाली. अंडे फुटेना. भाजी चिरली जाईना. खाटकाकडे गेला तर तो कपाळाला हात लावून बसलेला. सकाळपासून त्याच्याकडे काही मरतच नव्हते. आईने विचारले, "जॅक, तू काही केलंस का रे?" जॅकने सांगितले. तेव्हा ती आईच त्याला म्हणाली, जा, ते कवच शोधून आण.

ही गोष्ट मी आमच्या आठ वर्षांच्या नातीला सांगितली. हेझेल काय ते तिला ठाऊक नाही म्हणून अक्रोड केला. अंडे फुटत नाही येथपर्यंत ती खदखदून हसत होती. "म्हणजे आजोबा, डाससुद्धा मरणार नाहीत?" नाही म्हटले. मग जरा थांबून ती म्हणाली, "पणजीच्या वेळी आपल्याकडे अक्रोड नव्हता का?" माझी आई गेल्या वर्षी गेली. त्या दिवसांत पोरीला शेजारच्यांकडे पाठविले होते, आणि नंतर तिने त्याविषयी एक अक्षर विचारले नव्हते. मला उत्तर सुचले नाही. "पुढं ऐक," म्हणालो, आणि जॅकला ते कवच वाळूत सापडेपर्यंत दोघांनी गोष्ट नेली.

डंकनसारखे लोक वर्गात गोष्ट संपली की तेथेच थांबतात. "तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" हा प्रश्न ते विचारीत नाहीत. ज्या शिक्षकाने तात्पर्याची प्रथा पाडली, त्याने मुलांच्या तोंडातला घास काढून घेऊन तो स्वतः चावून दाखविला, असे माझे मत आहे.

दुसरे नवल भाषेचे. स्कॉटलंडच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध इंग्रजीचा दरारा. घरची स्कॉट्स बोली तोंडातून निसटली की मार बसे. आता पाहुणा येतो आणि फळ्यापुढे बसून आजीच्या भाषेत बोलतो. ॲबरडीनचा स्टॅन्ली रॉबर्टसन हा तसा माणूस. जीनी रॉबर्टसनचा भाचा, जन्म १९४० चा. सत्तेचाळीस वर्षे तो मासळीच्या कारखान्यात थंडगार पाण्यात हात घालून माशांचे काटे काढीत होता. लहानपणी उन्हाळ्यात त्याचे कुटुंब लंफॅननच्या जुन्या रस्त्यावर तंबू ठोकी (मॅक्बेथ मारला गेला ते हेच गाव), आणि तेथल्या एकेका झाडादगडाला त्याने पुढे गोष्टी लटकवून ठेवल्या. शाळेत त्याचा छळ झाला. नोकरी संपल्यावर ॲबरडीन विद्यापीठाच्या एल्फिन्स्टन संस्थेने त्याला फिरस्त्यांच्या परंपरेच्या प्रकल्पावर नेमले. (हा एल्फिन्स्टन आपला मुंबईचा नव्हे, पंधराव्या शतकात ते विद्यापीठ स्थापणारा बिशप.) मग मासळीवाला स्टॅन्ली शाळाशाळांतून जाऊ लागला आणि 'मी फिरस्ता' असे आधी सांगून मग गोष्टी सांगू लागला. विद्यापीठाने त्याला मानद पदवीही दिली.

आज या कामाला तिकडे चांगले बस्तान आहे. १९८९ पासून एडिंबरोला कथाकथनाचा आंतरराष्ट्रीय उत्सव भरतो. २००६ साली हाय स्ट्रीटवर, जॉन नॉक्सच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या घराला लागून, गोष्टींसाठी स्वतंत्र वास्तू उभी राहिली. गोष्टीवाल्यांची यादी असते, शाळा त्यातून माणूस निवडतात. हे सगळे चांगलेच. तरी माझ्या मनात एक खुसपट राहते. तंबूतल्या गोष्टीला लांब रात्र होती. वर्गातल्या गोष्टीला तास आहे, आणि तासाला घंटा आहे. कवच समुद्रात पडले आणि घंटा झाली, तर मृत्यू मधल्या सुटीभर बुचात! शिवाय आता गोष्टी सांगणारे बरेचजण फिरस्ते नाहीत. गोष्टी पुढे आल्या आणि माणसे पुन्हा मागेच, असेही होऊ शकते.

ही भीती उगाच नव्हे. १९४० ते १९८० च्या दरम्यान तेथल्या सरकारी यंत्रणांनी फिरस्त्यांना एका जागी बसविण्याचे जे प्रयोग केले, त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे गैरसोयीच्या झोपड्यांत डांबली गेली; वस्ती सोडाल तर मुले काढून नेऊ, असे धाक घातले गेले. डंकन शेकोटीपाशी बसून मुलांना हसवीत होता ती हीच वर्षे. अजूनही फिरस्त्यांच्या घरची कित्येक मुले शाळेत आपली ओळख लपवितात. त्या प्रयोगांबद्दल स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी २५ जून २०२५ रोजी तेथल्या संसदेत सरकारच्या वतीने माफी मागितली. डंकनला जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. स्टॅन्ली २००९ सालीच गेला.

ध्वनिमुद्रणे कोणालाही फुकट ऐकता येतात. पहिल्या दोन-तीन गोष्टींना भाषा कानाला अडते. चौथ्या-पाचव्या गोष्टीपासून अडत नाही. आमच्या नातीला तर पहिल्यापासूनच अडली नाही, पण ती अर्थ कळावा म्हणून ऐकत नसावी. परवा तिने शाळेच्या बसमध्ये जॅकची गोष्ट सांगितली. अक्रोडाची तिने सुपारी केली आहे. कोणी दिली विचारले, तर आधी माझे नाव सांगते आणि मग, "त्यांना डंकनआजोबांनी," असे म्हणते.