लाइन क्लियर

चुडाव्याचें स्टेशन लहान आहे. एका अंगास पूर्णा, दुसऱ्या अंगास लिंबगांव व त्यापलीकडे नांदेड. माझे वडील या स्टेशनावर पॉइंट्समन होते. मीटरगेजच्या त्या काळांत मार्ग एकेरी असे; त्यामुळें शेजारच्या स्टेशनाशीं घंटेच्या खुणांनीं बोलणें होऊन यंत्रांतून लोखंडी गोळा बाहेर पडल्यावांचून गाडी सोडतां येत नसे. तो गोळा कातडी पिशवींत घालून, कड्यास अडकवून ड्रायव्हरच्या हातीं देण्याचें काम बाबांकडे होतें. लहानपणीं मीं एकदां विचारलें, "बाबा, पुढल्या स्टेशनाला घंटा दिली ना? मग आतां कशाची वाट पाहतां?" ते म्हणाले, "आपली गेली. त्यांची कोठें आली?" हें उत्तर मीं ऐकलें आणि पुढें पस्तीस वर्षें विसरून गेलों.

सन २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचे भावोजी पुण्याहून आपली नवी कॅम्पर गाडी घेऊन चुडाव्यास आले. विद्यार्थिमित्रांपैकीं ज्यांनीं अशी गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: बाहेरून मोठा टेंपो, आंत चार माणसांची निजण्याची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टांकी आणि दिव्यांसाठीं निराळी बॅटरी. आपल्या सरकारनें २०२१ सालीं अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून भावोजींच्या मनानें तो ध्यास घेतला होता. बाबांसही आम्हीं पुष्कळ आग्रह केला, पण, "जन्मभर गाड्या सोडल्या, आतां बसून काय करूं?" असें म्हणून ते घरींच राहिले. शेजाऱ्यांस मीं त्यांच्याकडे लक्ष ठेवण्यास सांगितलें. निघतांना बाबा एवढेंच म्हणाले, "मुक्काम कोठें कोठें आहे तें कागदावर लिहून ठेव." मीं खिशावर हात ठेवून उत्तर दिलें, "हा फोन आहे ना! रोज सायंकाळीं सात वाजतां बोलेन." कागद लिहिला नाहीं.

पहिला मुक्काम लोणारास झाला. सातच्या ठोक्यास बाबांशीं बोललों. सरोवर केवढें आहे तें त्यांनीं विचारलें. दुसरे दिवशीं अकोल्यावरून परतवाड्यास आलों व तेथून मेळघाटाच्या वाटेस लागलों. घाट चढूं लागतांच फोनवरील रेघा एकेक करून मावळल्या, आणि वनखात्याच्या परवानगीनें सेमाडोहास उतरलों तेव्हां एकही उरली नव्हती.

खरें सांगावयाचें तर प्रथम मला आनंदच झाला. सिपना नदीचें पात्र, सागाचें रान, आणि शाळेचा एकही निरोप नाहीं! सात वाजले तेव्हां मात्र फोन हातीं घेऊन मी गाडीच्या टपावर चढलों. मोबाइल हा कांहीं आकाशाशीं बोलत नाहीं. तो जवळच्या मनोऱ्याशीं बोलतो, व मनोरा डोंगराआड गेला कीं मुका होतो. इतकेंच नव्हे, तर हरवलेल्या मुलाप्रमाणें अधिकाधिक जोरानें हांका मारीत राहतो व त्यांत त्याची बॅटरी गळून जाते. भावोजींच्या गाडींत ती भरण्याची उत्तम सोय होती. भरलेला फोनही मुकाच राहिला. वनरक्षकांजवळ बिनतारी संच होता. परंतु नुसती खुशाली कळविण्यासाठीं तो कसा मागावा, या संकोचानें मीं विचारलें नाहीं. पत्नी म्हणाली, "एकदां विचारून तर पाहा." मी म्हणालों, "उद्यां लागेल." दुसरी रात्रही तशीच गेली.

मनांत आलें कीं, पूर्वीं तारेस दोन टोकें असत आणि दोन्हीं टोकांस माणूस बसलेला असे. ती तार आपल्या देशांत २०१३ च्या जुलैंत बंद झाली. त्याआधीं १९९५ च्या ३१ जुलैस कलकत्त्याहून ज्योति बसूंनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं मोबाइलवरून पहिलें संभाषण केलें होतें. अठ्ठावीस वर्षांत तें यंत्र माझ्या खिशांत आलें, आणि मुक्कामाचा कागद लिहिण्याची रीत माझ्या घरांतून गेली.

तिसरे दिवशीं परतवाड्याजवळ येतांच फोन थरथरूं लागला. सत्तावीस निरोप! ज्या सायंकाळीं मी टपावर उभा होतों, त्याच सायंकाळीं बाबा न्हाणींत घसरून पडले होते. शेजाऱ्यांनीं फोनमागून फोन केले. प्रत्येक वेळीं ग्राहक सेवाक्षेत्राबाहेर असल्याचें सांगणारी ती निर्विकार बाई त्यांस भेटली. शेवटीं १०८ क्रमांकाची गाडी बोलावून त्यांनीं बाबांस नांदेडास नेलें. खुब्याचें हाड मोडलें होतें. शस्त्रक्रियेपूर्वीं मुलाशीं बोलावें असें डॉक्टरांस वाटलें, व त्यांत एक सबंध दिवस वेदनेंत गेला. शेजारी तर आम्हांसच अपघात झाला असें समजून पोलिसांकडे निघाले होते. बाबांनींच त्यांस थांबविलें. "घंटा आली नाहीं, म्हणजे गाडी मध्यें कोठें तरी उभी आहे, पडली असेंच नव्हे," असें ते पडल्यापडल्या म्हणाले.

मी रुग्णालयांत पोहोंचलों तेव्हां ते रागावले नाहींत. माझ्याकडे पाहून म्हणाले, "सेमाडोह हें नांव तुला ठाऊक होतें. मला नव्हतें."

आतां बाबा काठीनें चालतात; स्टेशनापर्यंत मात्र जात नाहींत. आम्हीं प्रवास सोडला नाहीं, पण निघण्यापूर्वीं कागद लिहितों: कोणत्या रात्रीं कोठें, तेथील कोणास विचारावें, कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास काळजी करूं नये व त्यानंतर काय करावें. दोन निराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें बाळगतों. नकाशे आधींच फोनमध्यें उतरवून घेतों, कारण आपण कोठें आहों हें उपग्रहांवरून कळण्यास मनोरा लागत नाहीं. मनोरे संपण्यापूर्वींच्या शेवटच्या गांवीं गाडी थांबवून, "येथून पुढें दोन दिवस मी मुका," असें कळवितों. भावोजी प्रथम हंसले. आतां स्वतःच गाडी थांबवितात.

निरोप पाठविला तरी गाडी लगेच हलत नाहीं. चुडाव्याहून बाबा उलट फोन लावतात, आणि मीं तो उचलूं नये असा त्यांचा कडक हुकूम आहे. घंटा एकदां वाजते व थांबते. मग भावोजी गाडी सुरू करतात.