आत्यांची भाकरी, माझे नमस्कार

लग्न होऊन मंद्रूपला आले तेव्हा मला भाकरी येत होती, पण ती औंधकडची. जाडसर, मऊ, तव्यावरून थेट ताटात पडणारी. इथं सीना आणि भीमा यांच्या मधल्या काळ्या रानात भाकरी म्हणजे मालदांडी ज्वारीची, आणि घरात कडक भाकऱ्यांची चळत कायम तयार. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भीमेपलीकडच्या विजयपूर भागातल्या. त्यांचं मराठी कामापुरतं, आणि मला तेव्हा कानडी अजिबात येत नव्हतं. ‘जेवलीस का’ आणि ‘पाणी आलं का’ यापुढं आमचं बोलणं फारसं जात नसे. त्या वाईट नव्हत्या, मीही नव्हते. दोघींना सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं.

सुरुवात परातीपाशी झाली. एका संध्याकाळी माझी भाकरी थापताना कडेला सारखी चिरत होती. आत्यांनी पीठ बोटांत चोळून पाहिलं. “विरी गेली ह्याची. आधण घाल,” म्हणाल्या आणि शेजारी मांडी घालून बसल्या. जुनं पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, हाताला सोसेल तेव्हा तळव्याच्या जोरानं मळायचं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि जोर कुठून यायला हवा ते दाखवलं, खांद्यातून. थापताना भाकरी हाताखाली आपोआप फिरली पाहिजे. कडक भाकरी तर पापडाच्या जवळ जाणारी. ती पातळ थापून भाजली की मंद आचेवर दाबत दाबत पाणी पार आटवायचं, म्हणजे ती कितीतरी दिवस टिकते. शेंगाचटणीचंही तसंच. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, चटणी होत नाही, हे आत्यांचं मत आता माझंही आहे.

या कामात अंग किती लागतं ते तेव्हा मला जाणवलं. आत्यांचे खांदे आणि दंड पोलादी होते, पण गुडघे कुरकुरत होते आणि पाठीचा खालचा भाग आखडलेला. सगळी मेहनत बसून आणि वाकून केलेली. अंग मागं ताणायची वेळ त्यांच्या दिवसात कधी येतच नव्हती.

माझ्याकडं त्यावर द्यायला एक गोष्ट होती. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. स्वतः रोज घालत, त्यावर पुस्तकं लिहीत. ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनहून निघालं. माझे आजोबा त्या संस्थानातल्या शाळेत शिकले आणि आमच्या घरात नमस्कार घातल्याशिवाय चहा मिळत नसे. ती सवय मी मंद्रूपला माळवदावर चालू ठेवली होती. आत्या मिरच्या वाळत घालायला वर यायच्या आणि काम संपलं तरी रेंगाळून बघत राहायच्या. मग एके दिवशी पदर खोचून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“मला जमंल का गं?”

डॉक्टरांना विचारून घेतलं. गुडघा टेकवायच्या स्थिती वगळल्या. हात जोडणं, वर नेऊन मागं ताणणं, सावकाश पुढं वाकणं, एवढंच. आता मनगट धरायची पाळी माझी होती. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा ते मी सांगत होते आणि त्या शाळकरी मुलीच्या एकाग्रतेनं ऐकत होत्या. सूर्याची नावं त्यांनी माझ्याआधी खणखणीत म्हणायला सुरुवात केली. पाठोपाठ फिरणं आलं. महामार्गावर विजयपूरकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग असते, म्हणून आम्ही शेतरस्ता धरला. चालताना त्या उभ्या पिकांची कानडी नावं सांगायच्या. माझं कानडी त्या रस्त्यावर झालं.

सासूसुनेला सगळे एकच सांगतात, बोला, समजून घ्या. मला वाटतं, बोलायला मुळात काही सामाईक लागतं. आमच्याकडं ते नव्हतं, ते आम्ही हातापायांनी तयार केलं. सकाळी माळवदावर मी सांगणारी आणि संध्याकाळी चुलीपाशी त्या, त्यामुळं लहानमोठेपणाचा काच दोघींच्याही मनातून गेला.

घरातले पुरुष यात आले ते वेळ अमावास्येमुळं. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या भागात सगळं घर शेतात जेवतं. रब्बीची ज्वारी तेव्हा चांगली वाढलेली असते. कडब्याची खोप करून पांडव मांडायचे, पूजा करायची, मग जेवण. हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या अशी सगळी हिरवाई एकत्र शिजवलेली भज्जी, ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे. एवढा स्वयंपाक दोघींना आवरत नाही. एका वर्षी आत्यांनी मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पुढ्यात शेंगांचं सूप ठेवलं आणि ह्यांना लसूण सोलायला बसवलं. मामा आयुष्यभर शेतात राबलेले, पण चुलीपाशी त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं. शेंगा सोलता सोलता ते त्यांच्या आईच्या आंबिलीबद्दल बोलायला लागले, तिच्यात काय घालायची, किती आंबवायची. आत्याही थांबून ऐकत होत्या. हे सगळं त्यांनाही नवीन होतं. रात्री उशिरापर्यंत चूल चालली. सकाळी टोपल्या डोक्यावर घेऊन आम्ही गाडी न काढता चालत शेतात गेलो, लेकीनं आंबिलीचं मडकं धरलं होतं.

आता दरवर्षी चालतच जातो. मामा लसूणही सोलतात. हे भाकरी थापायला शिकताहेत, त्यांची अजून तुटते, आणि आत्या त्यांना माझ्याकडं पाठवतात, “तिला विचार, तिला येतंय.” माळवदावर लेक आमच्या दोघींच्या मधे उभी राहते. गल्लीतल्या आणखी दोघी बायका गुडघ्यांची तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांना उभ्यानं करायच्या स्थिती आत्याच शिकवतात, कानडीतून.