तळव्यांनी ऐकणारा

आमच्या गायनमंडळाच्या सरावाला एक बाई आपल्या कर्णबधिर मुलाला घेऊन येत. तो जुन्या ऑर्गनला पाठ टेकून बसे. एके दिवशी मी सहज म्हणालो, "बाई, याला इथे काय ऐकू येणार?" त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून दोघांचेही येणे थांबले.

काही महिन्यांनी स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांच्याविषयी वाचनात आले. १९६५ साली जन्मलेल्या ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ लोपली. शाळेतील शिक्षकांनी त्यांना भिंतीवर हात ठेवण्यास सांगून टिंपनी हे नगाऱ्यासारखे वाद्य वाजविले. खर्जातले स्वर पायांत आणि पावलांत, तर उंच स्वर चेहरा, मान व छातीवर जाणवतात, हे त्यांना उमगत गेले. म्हणूनच त्या अनवाणी वाजवितात. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात एक हजार ढोलवादकांचे नेतृत्व त्यांनीच केले.

'एफ्फाथा' या शब्दावर मी कितीतरी प्रवचने दिली आहेत. त्या रात्री तो शब्द प्रथमच मला उद्देशून उच्चारला गेल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. बाई म्हणाल्या, "फादर, सरावाहून आला की तो जेवताना पाटावर ताल धरायचा. आता धरत नाही."

मुलगा आता पुन्हा येतो. दोन्ही तळवे ऑर्गनच्या लाकडावर ठेवतो आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत उचलत नाही. त्याची आई मात्र अजून दाराशीच उभी राहते.