सोळाशे मीटरच्या आधी

कोरेगाव, जि. सातारा

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा मी ग्राउंडवर होतो, पोरं धापा टाकत भोवती उभी होती, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. "सैन्यभरती सहा महिन्यांवर आली आणि तू माझ्या पुतण्याला नुसता चालवतोयस?" असं तू विचारलंस. कॅल्गरीत बसून तुला घोर लागणारच. म्हणून आज निवांत लिहायला घेतलं.

दसऱ्यानंतर तो माझ्याकडे आला तो लंगडतच. आधी जिथं जात होता तिथं पहिल्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर, तेही टाच झिजलेल्या बुटांत. तिसऱ्या आठवड्यात डावी नडगी धरली. मी बोटानं चाचपत गेलो आणि एका टिंबावर दाबलं तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नडगीची कड लांबवर ठणकत असली तर आधी पळणं थांबवून बघता येतं, पण दुखणं एका बोटाखाली सापडलं की मी वाट बघत नाही, हाडांच्या डॉक्टरकडे नेतो. हाडाला बारीक तडा होता. सहा आठवडे पळणं बंद.

पोराची यात काही चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की छाती आणि पाय एका वेगानं तयार होत नाहीत. पळायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो, मांड्या भरतात, पोराला वाटतं आता किती पण पळेन. हाड मात्र सावकाश चालतं. नवा भार पडला की शरीर आधी जुना भाग झिजवतं आणि मग तिथं नवा भरतं, आणि या भरण्याला आठवडे लागतात. मधल्या दिवसांत हाड उलट कच्चं असतं. नेमकं तेव्हाच पोरगं जोरात असतं, आणि तिथंच घात होतो. जगभरच्या सैन्यांतले रंगरूट याच दुखण्यानं खाली बसतात. इस्रायलच्या सैन्यानं रंगरूटांना किमान सहा तास झोप द्यायचं ठरवलं आणि चालण्याचं एकूण अंतर कमी केलं, तर असे तडे निम्म्याहूनही खाली आले. झोप हा सरावाचाच भाग आहे, हे मी पोरांच्या आयांना घरी जाऊन सांगतो. रात्री बारापर्यंत मोबाइल बघणारं पोरगं पहाटे पाचला माझ्यापुढं उभं राहिलं तर मी त्याला परत पाठवतो.

तुला आपल्या गावची तालीम आठवते ना? वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी पंचवीसच जोर मारू द्यायचे. पोरगं म्हणायचं, अजून होतात. ते म्हणायचे, होतात म्हणूनच थांब. पुढं पलटणीत गेलो तर तिथं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, शब्द तोच. पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमध्ये पीटीचा कोर्स केला तेव्हा वस्तादांचंच म्हणणं मला वहीत नीट मांडलेलं मिळालं: भार थोडा थोडा वाढवा, खंड पाडू नका, ज्या कामासाठी शरीर लागणार तेच काम त्याच्याकडून करून घ्या, आणि मेहनतीइतकीच विश्रांती मोजा.

हे मला खरं पटलं ते लेहला. साडेअकरा हजार फुटांवर विमानातून उतरलो, अंगात रग होती, आणि हुकूम काय, तर दोन दिवस पडून राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालायचं, चढ नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडं जास्त अंतर आणि हलका चढ. सहा दिवस झाले की बारा हजारांच्या वर जायचं तर आणखी चार दिवस, पंधरा हजारांच्या वर पुन्हा चार. आमच्यातला सगळ्यात जोरकस गडी असला तरी त्याला सूट नाही. आणि मोठी सुट्टी काढून खाली राहून आला, की सगळं परत पहिल्यापासून. शरीर कमावलेलं विसरतं, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

आता तुझ्या पुतण्याचं. सध्या त्याचे पायाभरणीचे दिवस आहेत: मातीवर चालणं, मध्येमध्ये दोन मिनिटं हळू धावणं, बैठका, पोटाचे व्यायाम, बीमला नुसतं लटकणं. दीड महिन्यानं चढता सराव सुरू करीन. तेव्हा वेगाचं बघू. साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर मारले तर साठ गुण, म्हणजे चारशेची एक फेरी साधारण ब्याऐंशी सेकंदांत. बहुतेक पोरं पहिली फेरी सत्तरमध्ये काढतात आणि तिसरीला पाय ओढतात. म्हणून मी घड्याळ धरून एकेक फेरी बसवून घेतो. बीमवर दहा वेळा अंग वर ओढण्याचे चाळीस गुण, नऊ फुटांचा खड्डा, तोल सांभाळत नागमोडी पट्टीवरून चालणं, हे त्याच्या जोडीनं होईल.

भरती झाली म्हणजे सुटला असंही नाही. पुढं नोकरीभर शारीरिक चाचण्या असतात. आमच्या वेळी बीपीईटी, म्हणजे लढाऊ शारीरिक क्षमतेची चाचणी असायची: हत्यार आणि सामान अंगावर घेऊन पाच किलोमीटर, दोर चढणं, तोच नऊ फुटी खड्डा. चड्डी-बनियनवर पळणारा गडी पाठीवर पिठ्ठू आला की वेगळाच माणूस होतो. कमावणं जसं एक काम, तसं वर्षानुवर्षं टिकवणं हे दुसरं, आणि गड्याचा खरा कस तिथं लागतो. मला हे पोर नुसतं भरती झालेलं नको, चाळिशीतही धड गुडघ्यांवर चालणारं हवंय.

त्याला मी एक वही घालून दिली आहे. काय खाल्लं, किती झोपला, कुठं दुखलं, सगळं त्यात लिहायचं. सुरुवातीला रविवारचं पान तो कोरं सोडायचा. गेल्या रविवारी त्यानं तिथं स्वतःहून लिहिलं होतं: 'आराम. नऊ तास झोपलो. नडगी दाबून बघितली, दुखत नाही.' खाली मी सही केली.

तू उन्हाळ्यात येशील तेव्हा त्याच्यासाठी पळायचे बूट आण, नंबर आठ. पुढं रुंद असू देत, त्याचा पंजा पसरट आहे. वहिनींना नमस्कार.

तुझाच