माळवं खाली, रेशन वर

टोमॅटोचा हंगाम भरात आला की नारायणगावच्या बाजारात क्रेटवर क्रेट चढतात आणि माल थेट परराज्यात निघतो. भाव पडला की तोच टोमॅटो रस्त्याकडेला ओतलेला दिसतो. त्याच जुन्नर तालुक्यात पश्चिमेला डोंगरात घाटघर, हातवीज, आंबे ही गावं. शेजारच्या आंबेगावात आहुपे. तिकडच्या छोट्या दुकानांत बिस्किटं आणि वेफर्सच्या माळा आधी दिसतात. माळव्यात कांदा, बटाटा, लसूण. नासत नाही तेवढंच वर चढतं.

*

ताजी भाजी न मिळण्याचं कारण फक्त रस्ता नाही. पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. पाणी कालव्यांनी पूर्वेला जातं. घाटमाथ्यावर पाऊस धो धो, पण उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण. परसात वांगं-दोडका लावायचा तो कशावर?

*

रेशन. २०१३चा अन्न सुरक्षा कायदा: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३पासून फुकट. उपासमार टळते, हे मोठंच काम. पण पिशवीत गहू आणि तांदूळ. इथला माणूस भात पिकवतोच. त्याला कोरड्यास हवं, म्हणजे डाळ हवी, तेल हवं. त्यात मशीनवर अंगठा उठला नाही किंवा रेंज गेली, की पुन्हा हेलपाटा.

*

डाळ-तेलाची ही गरज सरकारला ठाऊक नाही असंही नाही. करोनाच्या काळात, २०२०मध्ये, आदिवासी कुटुंबांसाठी ४,००० रुपयांचं खावटी अनुदान मंजूर झालं. निम्मं रोख, निम्मं वस्तूंत. त्या वस्तूंत मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, उडीदडाळ, शेंगदाणा तेल. यादी अगदी बरोबर होती. फक्त ती एकदाच आली.

*

पावसाळ्यात उलटं चित्र. आवणीच्या दिवसांत घरातलं धान्य सरत आलेलं असतं, पण रानात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली. शहरात याच भाज्यांचे महोत्सव भरतात. भाजीचा खरा तुटवडा माघापासून वैशाखापर्यंत. भाजीची गाडी चालवायची तर त्या महिन्यांत चालवावी.

*

किराण्याचा हिशोब हिरड्याशी बांधलेला. बाळहिरडा वाळवून विकला की हातात रोकड येते. हिरड्याचा भाव पडला की आधी डाळ आणि तेल कमी होतं, मीठ-मिरची शेवटपर्यंत राहते. म्हणून हिरड्याची वेळेवर, रास्त भावाने खरेदी ही आहाराचीही योजना आहे.

*

डिंभे धरणात गावं, खाचरं गेली. ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने तिथल्या विस्थापित आदिवासींनी जलाशयात मासेमारी उभी केली, पाणी ओसरल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर गाळपेर केली, उतारावर पडकई करून नवी भातखाचरं बांधली. २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. बाजार वर येईना, तर लोकांनी धरणातूनच ताटात मासा आणला.

*

२०१५पासूनची अमृत आहार योजना: अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण, पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी. या जेवणातली भाजी खालच्या बाजारातून आणण्यापेक्षा गावातल्याच बचत गटाकडून घेतली, तर परसबागेला गिऱ्हाईक मिळेल. मात्र आधी पाणी.

*

रेशनमध्ये नाचणी का नाही? अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे. कर्नाटक शेतकऱ्यांकडून नाचणी विकत घेऊन रेशनवर देतं. तामिळनाडू रेशनवर तूरडाळ आणि पामतेल सवलतीत देतं. आपल्या डोंगरउतारावर नाचणी, वरई पिकते. वरई सडायला यंत्र नाही म्हणून पेरा घटतो, आणि शहरातल्या उपासाला तीच वरई महाग मिळते.

*

घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, मंचर आणि नारायणगावला बाजार समितीचं आवार आहे, मुक्कामी एसटी संध्याकाळी डोंगरात जाते. नवीन काही उभारायची गरज कमीच. माघ ते वैशाख आठवड्यातून एकदा माळवं वर पोचवा, वरई-नाचणी तिथेच विकत घेऊन तिथल्याच रेशनवर द्या, आणि गव्हाच्या जोडीला महिन्याला घरटी निदान दोन किलो डाळ द्या. आपल्या गावात पुढची ग्रामसभा भरेल, तेव्हा हे तीन ठराव मांडा.