कोण म्हणतं?

टी. वाय.ला इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी विषय दिला होता, '१९७२चा महाराष्ट्रातील दुष्काळ'. मॅडमनी 'महाराष्ट्र' खोडून वर 'तुझं गाव' लिहिलं आणि कागद परत केला. गाव माण तालुक्यातलं. दुष्काळावर आम्हाला कुणी काय शिकवायचं, अशा तोऱ्यात मी एका रात्रीत सहा पानं लिहून काढली. त्यात एक वाक्य होतं : 'बहात्तर साली अन्न नव्हतं, पण पाणी होतं.' आमच्याकडे हे सगळेच म्हणतात. २०१३च्या टंचाईत तर उठताबसता ऐकलेलं. मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले : कोण म्हणतं?

राग आला. पण खरंच, कोण म्हणतं?

मग मोबाइलवर रेकॉर्डिंग करत म्हाताऱ्या माणसांकडे फिरू लागले. पहिल्या चार मुलाखती वाया गेल्या. मी विचारायचे, "लई हाल झाले असतील ना?" समोरून उत्तर यायचं, "लई हाल." प्रश्नातच उत्तर भरवल्यावर दुसरं काय येणार! पाचव्या घरी सहज विचारलं, "कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचात?" आणि माणसं बोलायला लागली. तांबड्या मिलोची भाकरी, पोरांच्या ओंजळीतली सुकडी, खडी फोडताना डोळ्यात उडालेली कपची. त्या दुष्काळी कामांना सगळे सरसकट 'रोजगार हमी' म्हणत होते. कायदा मात्र १९७७ सालचा. मी आधी त्यांचा शब्द 'सुधारून' लिहिला, मग पुन्हा त्यांचाच ठेवला आणि खाली कायद्याची टीप दिली.

सालांनी सर्वांत जास्त छळलं. आजी शपथेवर सांगायची की भुईकंप दुष्काळातच झाला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. मग तिच्या बाकीच्या आठवणी कितपत धरायच्या? एक काकू म्हणाल्या, "तवा माझा थोरला रांगत व्हता." मला वाटलं, सापडलं! थोरल्याचा शाळेचा दाखला मागवला. जन्मतारीख १ जून. आमच्या गावात निम्मी पिढी १ जूनला जन्मली आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना घातलेली ती तारीख. त्या कागदावर शिक्का होता, पण काकूंच्या रांगत्या पोरापेक्षा तो जास्त खरा, असं म्हणायची माझी हिंमत होईना.

चौदा मुलाखती झाल्यावर वहीत दोन रकाने पाडले : 'पाणी होतं' म्हणणारे आणि 'नव्हतं' म्हणणारे. पहिल्यात सहा जण, सहाही पुरुष. दुसऱ्यात आठ, त्यांतल्या सात बायका. बायका सांगत : माणगंगा नदीच्या वाळूत झरा उकरायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा, तो कोरडा पडला की दुसरा उकरायचा. घरी पुरुषांसाठी पाणी असायचंच की! मी आनंदानं नाचायची बाकी होते. 'दुष्काळातलं पाणी पुरुषांनी पाहिलं नाही' असं दणदणीत शीर्षक देऊन मसुदा पाठवला. मॅडमचा फोन आला, "चौदा माणसं आहेत, तीही एका गावातली. आणि 'नव्हतं' म्हणणारा तो एक पुरुष कुठे गेला?" तो मी सोयीनं गाळला होता. पखालवाल्याचा मुलगा होता, बापाबरोबर पाणी वाहायचा. त्याला आत घेतलं आणि मुद्दा बाई-पुरुषाचा राहिला नाही, पाणी आणणाऱ्याचा झाला. शीर्षकही बदललं.

बाइंडिंगच्या आदल्या रात्री आजीला तिचं पान वाचून दाखवलं. 'पहाटे तीन वाजता उठून त्या नदीवर जात...' तिनं मला थांबवलं.

"तीन कुठनं आणलंस? घरात घड्याळ व्हतं व्हय?"

"तूच म्हणालीस."

"न्हाई म्हनले."

रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज स्पष्ट होता : "चांदणी उगवायच्या टायमाला." तीन मी घातले होते.

ते पान पुन्हा टाईप केलं.