कोंबड्याची बाजू

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. म्हण खरी आहे, पण अलीकडे ती मला अपुरी वाटते. सगळा रोख झाकणाऱ्यावर. कोंबड्याचं कुणी विचारत नाही. उजाडायला त्याची गरजच नसेल, तर तो इतका जीव तोडून का आरवतो?

असाच प्रश्न मला घरातल्या घड्याळापाशीही पडतो. भातसानगरच्या आमच्या घरात गुस्ताव्ह बेकरच्या कारखान्याचं लोलकाचं घड्याळ आहे, आजोबांच्या गिरगावातल्या बिऱ्हाडातून आलेलं. बेकरनं १८४७ मध्ये सायलेशियातल्या फ्रायबुर्गला काम सुरू केलं. लोलकाची दांडी लाकडाची आहे. पोलादी दांडी उन्हानं लांबते. दहा अंश वाढले की घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडतं. लाकूड रेषांच्या दिशेनं उष्णतेनं फारसं वाढत नाही, पण ओल धरतं, म्हणून त्याला रोगण. पाच सेकंदांसाठी एवढी काळजी कुणी घेतली असेल, हा विचार मला सोडत नाही.

कारण पाच सेकंद सांभाळणाऱ्या या घड्याळानं गिरगावात कोणती वेळ दाखवली असेल? १९०६ मध्ये देशाला प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईनं ३९ मिनिटं मागची आपली वेळ सहजी सोडली नाही. महापालिकेत ती पुढेही कित्येक वर्षं चालली. गाडी एका वेळेवर, शहर दुसऱ्या. आजोबांनी काटे कोणत्या बाजूनं लावले, हे विचारायचं राहूनच गेलं. लोलक दोन्ही वेळांशी तितकाच प्रामाणिक राहिला असता. आणि फ्रायबुर्ग? दुसऱ्या महायुद्धानंतर ते गावच पोलंडमध्ये गेलं. गावाचा देश बदलला, शहराची वेळ बदलली. दांडी तेवढी त्याच लांबीची राहिली.

मग कारागिराची निष्ठा नेमकी कशाशी होती? वेळेशी म्हणावं, तर वेळ माणसं ठरवून बदलतात. स्वतःच्या कामाशी म्हणावं, तर काटे आणि आकडे दुसऱ्यांसाठी कशाला?

आता मी मोबाइल पाहून काटे लावतो आणि तरीही दर आठवड्याला किल्ली देतो. पूर्वी वाटायचं, म्हण झाकणाऱ्याला खडसावते. आता वाटतं, ती कोंबड्याला धीरही देत असेल: तू आरव, उजाडण्याचा भार तुझ्यावर नाही. पण तो भार मनावर घेतल्याशिवाय कुणी लाकडाची दांडी केली असती का?